रतीबाची वही आहे, म्हशीची वही नाही

कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गासाठी या वेळी आम्ही किहीमला जमलो होतो. किहीम म्हणजे रायगड जिल्ह्यात अलिबागच्या उत्तरेला समुद्रकाठी वसलेले गाव. नारळी-पोफळीच्या वाड्या, सुरूची झाडे, मुंबईकरांचे बंगले. विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्या आपल्या माणसांना पहिल्या दिवशी समुद्राचे अप्रूप वाटले. दुसऱ्या दिवशी पहाटे मात्र चहाचे दूध आणायला म्हणून चार-सहा जण एका गोठ्यात गेले आणि दोन तास परतलेच नाहीत. शेतकरी कुठेही गेला तरी शेवटी गोठ्यातच रमतो.

गोठा एका मावशींचा. तीन म्हशी, एक वगार, एक पारडू. तिन्ही म्हशी काळ्या, शिंगे वळलेली. 'मावशी, जात कोणती?' असे विचारले तर तिघींचे उत्तर एकच, 'मुऱ्हा.' तिघींना वैरण एक, आंबोण एक, पाणी एक. तिघीही दोन-तीन महिन्यांच्या अंतराने व्यायलेल्या. सकाळची धार निघाली तेव्हा पहिलीचे साडेचार लिटर, दुसरीचे तीन आणि तिसरीचे जेमतेम दोन.

यवतमाळकडच्या एका कार्यकर्त्याने विचारले, 'मावशी, ही तिसरी पहिल्यापासून एवढेच देते का? हिची आई किती देत होती?'

मावशी हसल्या. 'दादा, हिची आई कोणी बघितली? व्यापाऱ्याने तबेल्यातून आणली, मी घेतली.'

'मग या वगारीचा बाप कोणता?'

'डॉक्टरांनी सुई दिली. रेडा कुठला ते त्यांना ठाऊक.'

मावशींकडे वही होती. कोणत्या बंगल्याला किती दूध गेले, कोणी किती खाडे केले, कोणाचे पैसे राहिले, सगळा हिशेब पैशापर्यंत चोख. पण ती रतीबाची वही. कोणत्या म्हशीने किती दिले, कधी माजावर आली, कधी भरवली, याचे एकही पान तिच्यात नव्हते. गिऱ्हाइकाची नोंद होती, दूध देणारीची नव्हती. आम्ही मावशींना हसलो नाही. आपल्यापैकी किती जणांच्या गोठ्यात म्हशीची वही आहे, हा प्रश्न आम्ही तिथेच एकमेकांना विचारला. पंचवीस माणसांत दोन हात वर झाले.

या अंकाचे संपादकीय त्या खाली राहिलेल्या तेवीस हातांबद्दल आहे.

तीन म्हशींतला फरक

एका दावणीच्या तीन म्हशींत एवढा फरक का पडतो? वय, वेत, आजार, पारडू जगले की मेले, ऋतू, खुराक, अशी कारणे असतात. या सगळ्यांबरोबर आणखी एक कारण असते, ते म्हणजे वंश. म्हशींच्या दुधात जो फरक दिसतो त्यातला साधारण चौथा हिस्सा आईबापांकडून पुढच्या पिढीला मिळतो, असे पशुपैदाशीचे शास्त्र सांगते. चौथा हिस्सा म्हणजे काही फार नाही, असे वाटेल. पण उरलेले तीन हिस्से दरवर्षी नव्याने विकत घ्यावे लागतात. ढेप संपली की त्यांचा परिणामही संपला. वंशातून येणारा चौथा हिस्सा एकदा कमावला की तो लेकीला मिळतो, नातीलाही मिळतो, आणि त्यासाठी पुन्हा पैसे मोजावे लागत नाहीत. कोरडवाहू शेतकऱ्याला परवडेल अशी दूधवाढ असेल तर ती हीच.

पण कमवायचे म्हणजे निवडायचे. आणि निवडायचे म्हणजे आधी मोजायचे. फरकच नसता तर निवड करता आली नसती. सगळ्या म्हशी सारख्याच असत्या तर शास्त्रज्ञही हात टेकून बसले असते. म्हशी-म्हशींतला हा फरक हीच आपली ठेव आहे, आणि ती ठेव आपण न मोजता उधळत आहोत.

मावशींच्या म्हशी तबेल्यातून आल्या, हेही समजून घेतले पाहिजे. मुंबईत १९४९ साली आरे दूध वसाहत उभी राहिली, ती शहरातले तबेले बाहेर काढण्यासाठी. पण तबेल्याची रीत फारशी बदलली नाही. हरियाणा, पंजाबकडची चांगली, ताजी व्यायलेली म्हैस आणायची, दूध असेतो पिळायची, भाकड झाली की विकायची. पारडाला दूध पाजणे महाग, म्हणून पारडू मरू द्यायचे. भाकड काळात शहरात पोसणे महाग, म्हणून म्हैस बहुधा खाटकाकडे. ज्या म्हशीला दूध जास्त, तिलाच तबेलेवाला निवडणार. म्हणजे उत्तम म्हशी वेचून आणायच्या आणि त्यांचा वंश तिथेच संपवायचा, हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालला. त्यातून उरलेसुरले जे खेडोपाडी व्यापाऱ्यांमार्फत फिरते, ते 'मुऱ्हा' या एका नावाने विकले जाते. नावाला भाव आहे, वंशाचा मात्र पत्ता नाही.

आमची चूक

इथे आम्हाला आमच्या स्वतःच्या पदरची एक चूक सांगितली पाहिजे. कृषी महाविद्यालयाची पदवी घेऊन आम्ही बाहेर पडलो आणि एका योजनेच्या कामात गावोगाव फिरलो. सांगत होतो एकच, गावठी म्हशी काढा, मुऱ्हा आणा, कापसाच्या जोडीला दूध धरा. एका कोरडवाहू गावात एका कापूसवाल्याने आमच्या शब्दावर कर्ज काढून दोन मुऱ्हा घेतल्या. दावणीला जागा व्हावी म्हणून घरची जुनी नागपुरी म्हैस विकली. ती विकायला आम्हीच सांगितले होते.

पौषात म्हशी आल्या, रोजचे दहा-दहा लिटर दूध निघाले. गाव बघायला आला. फाल्गुनात हिरवे संपले, चैत्रात विहीर आटली. डुंबायला पाणी नाही, वर पंचेचाळीस अंशांचे ऊन. दूध निम्म्यावर आले. म्हशीचा माज उन्हाळ्यात मुका असतो, तो कोणाच्या लक्षात आला नाही. एक वर्षभर गाभण राहिली नाही. दुसरी अर्ध्या किमतीत गेली. कर्जाचा हप्ता कापसाच्या पैशातून भरला. जी म्हैस विकली होती ती दरवर्षी-दीड वर्षाला वेत देत होती, कडबा आणि कुटारावर जगत होती. ती रोजचे पाच लिटर द्यायची, म्हणून आम्ही तिला 'गावठी' म्हटले होते.

तो शेतकरी आम्हाला कधी बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते.

मुऱ्हा वाईट आहे असे आम्ही आजही म्हणत नाही. दुधाच्या बाबतीत ती जगातल्या पहिल्या रांगेतली म्हैस आहे. आमची चूक मुऱ्हा आणण्यात नव्हती. कोणत्या म्हशीशी कशाची तुलना करतो आहोत, हे न मोजता निकाल देण्यात होती.

आपल्या दावणीचे नाव

महाराष्ट्रात २०१९ च्या पशुगणनेत सुमारे ५६ लाख म्हशी मोजल्या गेल्या. त्यातल्या बहुसंख्य 'गावठी' या एका शब्दात बसवल्या जातात. पण आपल्या मुलखाच्या म्हशींना नावे आहेत. नागपुरी म्हैस पूर्वी एलिचपुरी, वऱ्हाडी, गौळणी अशा नावांनीही ओळखली जाई. तिची लांब, चपटी शिंगे मानेवरून मागे खांद्याकडे गेलेली, अनेकींच्या तोंडावर, पायांवर, शेपटीच्या गोंड्यावर पांढरे. वेताला साधारण हजार-बाराशे लिटर दूध, पण फॅट आठच्या आसपास. अकोला, अमरावती, बुलडाणा भागात पूर्णा नदीच्या काठची भुऱ्या रंगाची म्हैस आपले लोक पिढ्यान्‌पिढ्या पाळत आले. तिला पूर्णाथडी या नावाने स्वतंत्र जात म्हणून सरकारी नोंद मिळाली ती अगदी अलीकडे, २०२२-२३ मध्ये. परभणी, नांदेड, लातूरकडे मराठवाडी. सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडे तलवारीसारख्या लांब शिंगांची पंढरपुरी. तिची ख्याती अशी की नीट सांभाळली तर बारा-तेरा महिन्यांनी वेत देते आणि चालत नेऊन कुठेही पिळली तरी पान्हा सोडते. कोल्हापूरच्या दूधकट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर धार काढून देतात, ती या म्हशीच्या जिवावर.

माणसांच्या बाबतीत जात हा शब्द आम्हाला नको आहे. म्हशीच्या बाबतीत मात्र तो हवा. कारण तिथे जात म्हणजे त्या मुलखाचे ऊन, पाणी, वैरण आणि गौळ्यांची निवड यांनी शेकडो वर्षांत घडवलेला गुणांचा संच आहे.

गाय आणि म्हैस यांच्यातला एक फरकही लक्षात ठेवा. गाईत संकर करताना आपण जर्सी, होल्स्टीन परदेशातून आणल्या. म्हशीत तसे आणण्यासारखे बाहेर काही नव्हते. दुधाच्या उत्तम म्हशी याच उपखंडातल्या. गाय-म्हशीचा संकर होत नाही. गाईची गुणसूत्रे ६०, म्हशीची ५०. आपल्या सगळ्या दुभत्या जाती मात्र एकाच प्रकारातल्या, ५० गुणसूत्रांच्या. त्यांचा आपसात संकर होतो आणि संततीही फळते. म्हणून म्हशीतला संकर म्हणजे घरातल्या घरात केलेली सोयरीक आहे. ती करावी की नाही, हा प्रश्न धर्माचा नाही, हिशेबाचा आहे.

आणि शास्त्रज्ञांनी भारतातल्या म्हशींची जनुके तपासली तेव्हा काय दिसले? जाती-जातींत फरक आहेच, पण एकूण फरकाचा फार मोठा हिस्सा प्रत्येक जातीच्या आतच आहे. म्हणजे नागपुरी आणि मुऱ्हा यांच्यात जे अंतर आहे त्याहून जास्त अंतर एका नागपुरीत आणि दुसऱ्या नागपुरीत असू शकते. आपल्या गावातली सर्वांत चांगली नागपुरी कोणती, हे शोधायच्या आधीच आपण हरियाणाची वाट धरली.

ज्वारीने आणि कपाशीने शिकवलेले

हे तुम्हाला पुस्तकातून शिकवायची गरज नाही. तुम्ही ते शेतात पाहिले आहे. १९६४ साली सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली, १९७० साली एच-४ ही संकरित कपाशी आली. पहिल्या वर्षी शेत कसे? सगळी ताटे एका उंचीची, कणसे एकसारखी. पण त्याच कणसाचे बी ठेवून पुढच्या वर्षी पेरले तर? एक ताट डोक्याएवढे, दुसरे गुडघ्याएवढे, एक कणीस मुठीएवढे, दुसरे बोटाएवढे. आधीच्या पिढीत झाकून राहिलेले आजी-आजोबांचे गुण दुसऱ्या पिढीत फुटून बाहेर येतात.

म्हशीतही हेच होते. चांगली नागपुरी आणि पारखलेला मुऱ्हा रेडा यांची पहिली वगार बहुधा चांगली निघते. पण ती वगार पुढे मिळेल त्या रेड्याकडून भरवली, त्या पिढीची पुढची पुन्हा मिळेल त्याकडून, तर दावणीला उभी राहते ती फुटलेल्या ज्वारीसारखी खिचडी. एखादी उत्तम, एखादी मध्यम, आणि एखादी अशी की भूक मुऱ्ह्याची आणि दूध गावठीचे.

बियाण्यातली चूक एका हंगामात कळते, पुढच्या वर्षी पिशवी बदलता येते. म्हशीतली चूक कळायला वगार व्यायची वाट पाहावी लागते. आपल्याकडे त्याला साडेतीन-चार वर्षे लागतात. मग ती दहा वर्षे दावणीला राहते आणि आपल्या लेकी सोडून जाते.

दुसरी गोष्ट. संकरित बियाणे तयार करणारा नर वाण आणि मादी वाण जिवापाड जपतो. दोन्ही शुद्ध असतील तरच संकर साधतो. आपण काय करतो? संकर करायचा म्हणतो आणि मादी वाणच विकून टाकतो. दर पिढीला मुऱ्हाच वापरला तर पहिल्या पिढीत आठ आणे मुऱ्हा, दुसरीत बारा आणे, तिसरीत चौदा आणे. बारमाही पाणी, हिरवी वैरण असेल तिथे हे खुशाल करावे. कडब्यावर आणि टँकरवर जगणाऱ्या गावात चौदा आणे मुऱ्हा म्हणजे चौदा आणे परावलंबन. आणि तेव्हा मागे फिरायचे म्हटले तर नागपुरी रेडा आणायचा कुठून?

संकराला पर्यायच नसतो, असेही नाही. रब्बीत आजही शेतकरी पेरतो ती मालदांडी ३५-१. सोलापूर जिल्ह्यात मोहोळच्या केंद्रावर १९३० च्या दशकात स्थानिक मालदांडीतूनच निवडून काढलेला हा वाण. बाहेरचे रक्त नाही, संकर नाही, फक्त निवड. कोरड्या रब्बीत भाकरी आणि कडबा दोन्ही देण्यात त्याला मागे टाकणे इतक्या वर्षांत सोपे गेलेले नाही. म्हशीतली 'मालदांडी' अजून कोणी निवडलेली नाही. ती आपल्याच एखाद्या गोठ्यात उभी असेल.

ज्वारीत आपण आणखी एक चूक केली होती. बुटक्या संकरित ज्वारीचे दाणे मोजले, कडबा मोजला नाही. कडबा गेला, तशी दावणही रिकामी होत गेली. आता म्हशीत तीच चूक करतो आहोत. लिटर मोजतो आणि बाकीचे सोडून देतो.

लिटरच्या पलीकडचा हिशेब

समजा एक म्हैस वेतात ३०० दिवस सरासरी सहा लिटर देते. एकूण १८०० लिटर. पण एका वेतापासून दुसऱ्या वेतापर्यंत १८ महिने, म्हणजे ५४० दिवस घेते. दिवसाला पडले ३.३३ लिटर. दुसरी म्हैस ३०० दिवस सरासरी साडेचार लिटर देते, एकूण १३५० लिटर. पण १३ महिन्यांनी, म्हणजे ३९० दिवसांनी पुन्हा वेते. दिवसाला पडले ३.४६ लिटर. बाजारात पहिलीला दीडपट किंमत. दावणीवर दुसरी पुढे.

आता फॅट घ्या. पहिलीचे ७, दुसरीचे ८. ढोबळमानाने पहिली दिवसाला २३३ ग्रॅम स्निग्धांश देते, दुसरी २७७ ग्रॅम. डेअरीत म्हशीच्या दुधाचा दर फॅटवर ठरतो, हे आपण जाणतोच. शिवाय पहिली किती ढेप खाते आणि दुसरी किती, तो हिशेब वेगळाच.

हे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमच्या गोठ्यात निकाल उलटाही लागेल, मुऱ्हाच पुढे निघेल. तसे निघाले तर मुऱ्हाच ठेवा. जात टिकवायचे ओझे शेतकऱ्याने फुकट डोक्यावर घ्यावे, असे आम्ही कधीच म्हणणार नाही. देशाला नागपुरी, पूर्णाथडी, मराठवाडी टिकवायची असेल तर देशाने त्याची किंमत मोजावी. पण कोण पुढे आणि कोण मागे, हे ठरवायला आकडा पाहिजे, आणि तो आकडा आज कोणाकडेच नाही.

रेड्याला कोण विचारतो?

म्हैस आयुष्यात सहा-आठ वेळा वेते. रेडा शेकडो पारडांचा बाप होतो, आणि त्याच्या रेताच्या कांड्या भरल्या तर हजारोंचा. गावाच्या दावणीचे निम्मे भवितव्य त्याच्यावर. आणि रेडा दूध देत नाही. त्याची पारख होते ती आईच्या, बहिणींच्या आणि शेवटी लेकींच्या दुधावरून. म्हणजे पुन्हा नोंदीवरून.

आपल्या गावात रेडा कसा ठरतो? जो मेला नाही तो. ज्या म्हशीला दूध जास्त तिचे दूध विकायची घाई जास्त, म्हणून तिचाच हल्या उपाशी मरतो. गावची सर्वांत दुधाळ म्हैस निपुत्रिक राहते. मग जो कोणी मोकाट वाढतो तोच सात-आठ वर्षे गावभर फिरतो आणि आपल्याच लेकींना भरवतो. बाप-लेकीच्या पारडात चार आणे एकरक्तपणा येतो. मग पारडे अशक्त, वगार उशिरा माजावर, म्हैस वारंवार उलटते. आपण म्हणतो, 'गावठीत दम राहिला नाही.' दम आपणच काढून घेतलेला असतो.

कृत्रिम रेतनात हे टळू शकते. प्रत्येक कांडीवर वळूची जात आणि क्रमांक छापलेला असतो. पण कांडी वापरली, फेकली, क्रमांक मातीत गेला. मावशींच्या वगारीचा बाप तिथेच हरवला.

किहीमचा वहीवाला

अभ्यासवर्गाच्या दुसऱ्या संध्याकाळी एका स्थानिक मित्राने आम्हाला या गावाची जुनी गोष्ट सांगितली. १९३० साली पक्ष्यांचा एक अभ्यासक नोकरी नसल्यामुळे याच किहीममध्ये घरच्या बंगल्यात येऊन राहिला होता. त्यांचे नाव सालीम अली. जवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती. ते रोज बसून बघत आणि लिहून ठेवत. कोणत्या खोप्यावर कोण आले, कोण गेले, खोपा किती विणून झाला.

आपण 'सुगरणीचा खोपा' म्हणतो. पण खोपा विणतो नर. तो अर्धा झाला की माद्या येऊन पारखतात, पसंत पडला तर एखादी तिथे राहते. मग नर पुढे जाऊन दुसरा खोपा विणायला घेतो आणि दुसऱ्या मादीची वाट बघतो. एका नराचे अनेक संसार. त्याआधी जाणकारही वेगळेच समजत होते. १९३१ साली हे निरीक्षण छापून आले आणि जगातल्या जाणकारांना आपले मत बदलावे लागले. त्यासाठी यंत्र लागले नव्हते, प्रयोगशाळा नव्हती. रोज त्याच जागी बसणारा एक माणूस आणि एक वही होती.

पक्ष्यासाठी जे एकाने केले ते आपण आपल्या म्हशीसाठी करू शकत नाही काय? आपण तर रोज दोन वेळा तिच्या कासेशी बसतो.

आणि आता यंत्रही आले आहे. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीमला पंतप्रधानांच्या हस्ते म्हशींसाठी 'महिषचिप' आणि गाईंसाठी 'गौचिप' जाहीर झाली. रक्ताच्या किंवा केसाच्या नमुन्यावरून जनावराच्या हजारो जनुकीय खुणा वाचणारे हे तंत्र आहे. त्यामुळे वगार व्यायची वाट न पाहता ती पुढे कशी निघेल याचा अंदाज बांधता येतो. आम्ही त्याचे स्वागतच करतो. शेतकऱ्याला तंत्रज्ञान नको, असे म्हणणाऱ्यांत आम्ही नाही. पण चिप खुणा वाचते, अर्थ लावत नाही. कोणत्या खुणेच्या म्हशीला दूध जास्त, हे शिकवायला हजारो म्हशींच्या दुधाच्या खऱ्या नोंदी लागतात, आणि त्या त्याच जातीच्या, त्याच मुलखातल्या असाव्या लागतात. नोंदी मुऱ्ह्याच्या असतील तर चिप मुऱ्ह्याचेच सांगेल. नागपुरी आणि पूर्णाथडीच्या नोंदी नसतील तर वाशीमला जाहीर झालेले यंत्र वाशीमच्या म्हशीबद्दल मुके राहील.

म्हशीच्या कानात बारा आकडी बिल्ला आला. विक्रीच्या, दवाखान्याच्या कामाला तो विचारतात. त्या आकड्याला तिचे दूध, तिचा बाप, तिच्या वेतांच्या तारखा जोडल्या तर तोच तिचा सातबारा होईल. नाही तर तो नुसता कानाला भार.

यात पैसा आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल-वळूंच्या कत्तलीवर बंदी आहे, म्हैस त्या बंदीत नाही. म्हणून भाकड म्हशीला अजून बाजार आहे. पण त्या बाजारात चांगली म्हैस आणि टाकाऊ म्हैस एकाच मापाने, वजनावर विकली जाते. वही असेल तर तीच म्हैस वंशावर विकली जाईल, आणि तिची वगार व्यायच्या आधीच किंमत घेईल. वहीशिवाय भाव ठरवतो तो व्यापारी.

जिल्हा बैठकीसाठी

म्हणून या वेळच्या जिल्हा बैठकीपुढे आम्ही पाच कामे ठेवतो.

१. प्रत्येक तालुक्यातून दहा गोठे स्वखुशीने पुढे यावेत. दर म्हशीला एक पान. बिल्ल्याचा क्रमांक, आई, बाप, वेताची तारीख, माज, भरवल्याची तारीख. महिन्यातून एक ठरलेला दिवस दोन्ही वेळचे दूध मापून लिहायचे. रोज मापायची गरज नाही, महिन्याला एक दिवस पुरतो.

२. सुई देणाऱ्याकडून कांडीचा क्रमांक लिहून घ्यायचा. दवाखान्यातल्या पेटीत मुऱ्ह्याच्या बरोबरीने नागपुरी, मराठवाडी, पंढरपुरीच्या कांड्या मिळाल्या पाहिजेत. कोणती वापरायची ते शेतकरी ठरवेल.

३. दर गावातल्या सर्वांत चांगल्या तीन म्हशींचे हल्ये मरू द्यायचे नाहीत. त्यांच्या दुधाची भरपाई सगळ्यांनी वर्गणीने करावी. गावचा रेडा तीन वर्षांनी शेजारच्या तालुक्याशी बदलावा.

४. डेअरीने महिन्यातून एकदा प्रत्येक म्हशीच्या दुधाचे फॅट वेगळे तपासून लिहून द्यावे. कॅनमध्ये सगळे एक झाले की आठ फॅटवालीही सहाची होते.

५. नोंद शेतकऱ्याची आहे. सरकार, संस्था किंवा कंपनी, कोणालाही ती हवी असेल तर त्यांनी ती मागून, लेखी आणि मोबदला ठरवून घ्यावी.

अभ्यासवर्ग संपला त्या सकाळी आपल्या यवतमाळच्या कार्यकर्त्याने बाजारातून एक शंभर पानी वही आणून मावशींना दिली. तीन पानांवर तीन म्हशींची नावे लिहिली. नावे मावशींनीच सांगितली, ती तोंडपाठ होती. नावापुढे त्या दिवशीचे दूध लिहिले आणि वगारीच्या पानावर बापाची जागा कोरी ठेवली. मावशींनी विचारले, 'ही वही मी लिहायची तर तुमची तुम्ही लिहिता ना?' आपल्या माणसाने मान खाली घातली.

तेवीस हात खाली राहिले होते, त्यात आमचाही होता. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना ठराव आणू नका. एका म्हशीचे एक पान भरून आणा.